दुधाच्या डब्याचा हिशेब



यंदा पावसाळ्याच्या आरंभी नववीच्या वर्गात खिडकीच्या कट्ट्यावर रोपे लावण्याचे ठरले. ज्याला जे पात्र मिळाले ते त्याने घरून आणले. कोणी नारळाची करवंटी आणली, कोणी कानतुटका माठ, कोणी रंगाचा रिकामा डबा. एका विद्यार्थिनीने मात्र पत्र्याचा एक चकचकीत डबा आणला होता. तिच्या बहिणीला नुकतेच बाळ झाले होते, आणि त्या बाळाच्या दुधाच्या भुकटीचा तो डबा होता. माती भरता भरता ती थबकली आणि म्हणाली, "बाई, यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे की आईचे दूध हेच बाळासाठी सर्वांत चांगले. दुकानदार आपल्या मालाची स्तुती करतो; हा डबा दुसऱ्याचीच स्तुती का करतो?" तिच्या शेजारचा विद्यार्थी म्हणाला, "आणि दुसरे दूध चांगले असे हा स्वतःच सांगतो, तर मग इतका महाग का?"

तास संपत आला होता म्हणून "पुढे सांगेन" असे म्हणून मी वेळ मारून नेली. परंतु हे दोन्ही प्रश्न थोरामोठ्यांनीही विचार करावा असे आहेत. उद्या तुम्हीच घर चालविणारे व्हाल. कोणाच्या बहिणीचे, कोणाच्या वहिनीचे बाळंतपण तर आजच घरात असेल. म्हणून त्या प्रश्नांचे उत्तर या वार्षिकांकातून सविस्तर द्यावे असे मनात आले.

प्रथम या डब्यात असते काय ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की, गाईचे दूध आटवून वाळविले म्हणजे बाळाची भुकटी झाली. ते खरे नव्हे. गाईचे दूध निसर्गाने वासरासाठी निर्माण केले आहे. वासरू सुमारे दीड महिन्यात आपल्या जन्माच्या वजनाच्या दुप्पट होते. मनुष्याच्या बालकाला त्यासाठी सुमारे पाच महिने लागतात. वासराला झपाट्याने वाढावयाचे असते म्हणून गाईच्या दुधात प्रथिने व क्षार पुष्कळ असतात. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात तीन ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात, तर आईच्या दुधात सुमारे एकच ग्रॅम. तान्ह्या बाळाची कोवळी मूत्रपिंडे तो भार सोसू शकत नाहीत. शिवाय गाईच्या दुधात लोह अगदी थोडे. म्हणून भुकटी करताना प्रथिने व क्षार कमी करावे लागतात, दुग्धशर्करा वाढवावी लागते, वनस्पतींची तेले मिसळावी लागतात आणि लोह व जीवनसत्त्वे मोजून घालावी लागतात. इतके करूनही आईच्या दुधातील रोगप्रतिकारक द्रव्ये त्यात उतरत नाहीत. आई ज्या घरात, ज्या हवेत राहते, तेथील रोगांशी लढण्याची शक्ती तिच्या दुधातून बाळाला मिळते. तिची नक्कल कोणत्याही कारखान्यास साधलेली नाही.

या कृत्रिम दुधाचा इतिहास फार जुना नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८६५ च्या सुमारास बालकांसाठी एक कृत्रिम आहार सिद्ध केला. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधील व्हेवे गावी हेन्री नेस्ले याने गाईचे दूध, गव्हाचे पीठ व साखर यांचे मिश्रण बाजारात आणले. आपल्या देशात कित्येक वर्षे असे डबे परदेशांतून येत. आपल्याकडे दूध मुख्यतः म्हशीचे, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत. गुजरातेतील आणंद येथे वर्गीस कुरियन व त्यांचे सहकारी ह. म. दलाया यांनी हे मत खोटे ठरविले. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील दुग्धालयाचे उद्घाटन झाले. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालकांचा आहार तयार करण्याची रीत शोधून काढली आणि शेतकऱ्यांच्या त्या सहकारी संस्थेने तो तयार करून देशभर पुरविला. ही आपल्या शास्त्रज्ञांची व शेतकऱ्यांची अभिमानास्पद कामगिरी होय. ज्या बाळाची आई दगावली आहे, किंवा एखाद्या आजारामुळे वा औषधामुळे जिला अंगावर पाजता येत नाही, त्या बाळाला हा डबा म्हणजे जीवदान असते. तेव्हा डबा हा काही शत्रू नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवते.

आता हिशेबाकडे वळू. पाटी-पेन्सिल घ्या. दोन-अडीच महिन्यांचे, पाच किलो वजनाचे बाळ आहे आणि ते पूर्णपणे डब्यावर आहे असे समजा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे दीडशे मिलिलिटर दूध लागते. म्हणजे एकूण साडेसातशे मिलिलिटर. साधारणतः तीस मिलिलिटर पाण्यात एक सपाट चमचा भुकटी, असे प्रमाण असते. म्हणून दिवसाला पंचवीस चमचे. एका चमच्यात सुमारे ४.४ ग्रॅम भुकटी मावते, म्हणजे दिवसाला ११० ग्रॅम. चारशे ग्रॅमांचा डबा चार दिवसही पुरत नाही. महिन्याला लागतात सव्वाआठ डबे!

डब्याची किंमत कराशिवाय पाचशे रुपये आहे असे धरू. बाजारात याहून स्वस्त व याहून पुष्कळ महाग असे दोन्ही प्रकारचे डबे आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून ही रक्कम घेतली. या डब्यांवर पूर्वी शेकडा अठरा वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेकडा पाच करण्यात आला. अठरा टक्क्यांनी डबा ५९० रुपयांना पडे, पाच टक्क्यांनी तो ५२५ ला पडतो. डब्यामागे ६५ रुपये, म्हणजे आठ डब्यांमागे महिन्याला ५२० रुपये वाचले. ही सवलत स्वागतार्ह खरीच. परंतु उरलेला खर्च पाहा: आठ डब्यांचे ४,२०० रुपये, सहा महिन्यांचे पंचवीस हजारांहून अधिक. शिवाय पाणी उकळावयाचा गॅस, बाटल्या आणि बाळ आजारी पडले तर औषधपाणी, ते वेगळेच. आणि मूळ किंमत डब्यामागे पन्नास रुपयांनी जरी वाढली, तरी महिन्याला चारशे रुपयांहून अधिक बोजा वाढतो. करात जे वाचले ते बहुतेक सगळे गेलेच म्हणून समजा.

किंमत वाढते ती का? दुधाची भुकटी, निवळीची प्रथिने, तेले, जीवनसत्त्वे यांचे भाव वाढले की डब्याचा भाव वाढतो. यांपैकी जो माल परदेशांतून येतो तो रुपया घसरला की आणखी महागतो. डबा, वाहतूक, वीज यांचेही तसेच. पण याहून महत्त्वाचे कारण अर्थशास्त्रात सापडते. बाजारात बटाटे महागले तर आपण भोपळा आणतो; बांगडा महागला तर तारल्यांवर भागवितो. वस्तू महाग झाली की मागणी कमी होते आणि विक्रेत्याला भाव आवरावा लागतो. तान्ह्या बाळाची भूक मात्र वाट पाहत नाही. त्याला दुसरा पदार्थ चालत नाही, आणि एकदा जो डबा मानवला तो बदलावयास आईबाप भितात. या मालाचे उत्पादक मोजकेच असतात. जेथे ग्राहकाला "नको" म्हणता येत नाही, तेथे भावाला लगाम राहत नाही.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एक मोठा कारखाना बंद पडला, तेव्हा त्या धनाढ्य देशातही आईबाप डब्यासाठी दुकानामागून दुकाने पालथी घालीत होते. ब्रिटनमधील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने या बाजाराची चौकशी करून फेब्रुवारी २०२५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. तेथे प्रत्येक डब्याला पोषणाची कायदेशीर कसोटी पार करावीच लागते. तरीही महाग तो अधिक चांगला, या समजुतीने पालक महाग डबा घेतात. स्वस्त डबा घेतल्यास बाळाच्या पहिल्या वर्षात सुमारे तीनशे पौंड वाचू शकतात, असे त्या प्राधिकरणाने दाखवून दिले. आपल्या देशातही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे नियम लागू आहेत, आणि अनुज्ञप्ती मिळालेल्या प्रत्येक डब्याला ते पाळावे लागतात. म्हणून डबा घेणे भागच असेल तर किमतीवरून त्याची परीक्षा करू नये, डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की, "यांतील स्वस्त कोणता चालेल?" असे विचारण्यात लाज कसली?

आतापर्यंत पैशांचा हिशेब झाला. पण या हिशेबाची एक दुसरी बाजू आहे आणि ती पाटीवर दिसत नाही.

महाभारतातील अश्वत्थाम्याची कथा तुम्ही ऐकली आहे. द्रोणाचार्यांच्या घरी गाय नव्हती. इतर मुलांना दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा हट्ट करू लागला, तेव्हा मुलांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिले. आणि "मी दूध प्यालो" म्हणून तो आनंदाने नाचू लागला. ते पाहून द्रोणांच्या काळजाला घरे पडली. मी कित्येकदा ही कथा वर्गात रंगवून सांगितली आहे. पण माझ्याच घरी एके काळी असेच पीठपाणी कालविले जात होते आणि ते कालविणारी मीच होते, ही गोष्ट आज प्रथमच सांगत आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका विद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत असे. जितके तास घ्यावे तितक्यांचेच पैसे. रजा म्हणजे बिनपगारी. मुलगी दोन महिन्यांची होताच मी कामावर रुजू झाले. सकाळी सातला घर सोडावयाचे ते दुपारी दोनला परतावयाचे. घरी सासूबाई बाळाला डब्याचे दूध पाजीत. दिवसा पाजणे सुटले तसे माझे दूधही आटत गेले आणि अडीच महिन्यांची होईपर्यंत मुलगी जवळजवळ सर्वस्वी डब्यावर आली. यजमानांचे काम पावसाळ्यात बंद असे. महिन्याच्या अखेरीस डबा संपावयाचा आणि पैसेही. दीडशे मिलिलिटर पाण्यात पाच चमचे घाला असे डब्यावर लिहिलेले होते. मी चार घालू लागले. मनाची समजूत घातली की, एका चमच्याने असे काय होणार? प्रारंभी महिनाअखेरीपुरते होते ते पुढे रोजचे झाले. महिन्याला दीड डबा वाचू लागला आणि मी त्याला काटकसर म्हणू लागले. सासूबाई एकदा बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "दूद पातळ दिसता गो." मी ऐकले न ऐकलेसे केले.

चौथ्या महिन्यात लस टोचावयास नेले तेव्हा वजन केले. महिन्याभरात सहा-सातशे ग्रॅमांनी वाढावयास हवे होते, ते दोनशे ग्रॅमांनीही वाढले नव्हते. डॉक्टरांनी विचारले, "किती पाण्यात किती चमचे घालता?" मी म्हटले, "पाच." ते काही बोलले नाहीत, फक्त विचारले, "डबा किती दिवस पुरतो?" येथे मी फसले. शिक्षिकेला खोटा हिशेब जुळविता आला नाही.

रागावण्याऐवजी त्यांनी कागदावर एक गणित मांडून दाखविले. ते मी तुम्हाला जसेच्या तसे देते. पंचवीस चमच्यांतून बाळाला दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी मिळतात. वीस चमच्यांतून चारशे. पाच दिवसांत पूर्ण एका दिवसाचे अन्न कमी. बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते, कारण पाणी तितकेच असते. ते रडतही नाही. पण शरीर आधी जगण्याचा खर्च भागविते, श्वास, उष्णता, रक्ताभिसरण यांचा. आणि जे उरते त्यातून वाढ होते. "तुम्ही काढून घेतलेला पाचवा चमचा," ते म्हणाले, "हा वाढीचा होता." त्या वाक्याने माझ्या पोटात जो गोळा उठला तो आजही विसरलेला नाही.

डबा महागला म्हणजे त्याची किंमत प्रत्येक वेळी बापाच्या खिशातूनच जाते असे नाही. पुष्कळदा ती बाळाच्या अंगातून जाते, आणि कोणाला कळतही नाही. हेच मला या लेखात मुख्यतः सांगावयाचे आहे.

जगानेही हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. गेल्या शतकात दुधाच्या भुकटीच्या कंपन्यांनी आफ्रिका व आशियातील गरीब देशांत जोरात जाहिराती केल्या. प्रसूतिगृहांत फुकट डबे वाटले जात. डबा संपेतो आईचे दूध आटलेले असे. पुढचा डबा विकत घ्यावयास पैसे नसत. मग भुकटी थोडी आणि पाणी फार, आणि तेही पाणी अशुद्ध. अतिसाराने व उपासमारीने बालके दगावत. १९७४ मध्ये ब्रिटनमधील एका सेवाभावी संस्थेने यावर पुस्तिका काढली आणि जगभर खळबळ उडाली. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने या मालाच्या विक्रीसंबंधी एक संहिता मंजूर केली. ११८ देश बाजूने होते आणि विरुद्ध मत एकट्या अमेरिकेचे पडले. आपल्या देशाने १९९२ मध्ये कायदाच केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या अशा आहाराची जाहिरात करण्यास, फुकट नमुने वा भेटी वाटण्यास मनाई आहे. डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही. आणि आईचे दूध सर्वोत्तम, हे वाक्य ठळक अक्षरांत छापावेच लागते.

विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच. डबा दुसऱ्याची स्तुती करतो ती औदार्याने नव्हे, कायद्याने. आणि फुकट डब्याला मनाई का, हेही समजून घ्या. आईच्या दुधाचा नियम अर्थशास्त्रासारखाच आहे: मागणी तसा पुरवठा. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. ओढणे कमी झाले की दूध आटते. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत विनाकारण दिलेला एक डबा पुढच्या पन्नास डब्यांचे गिऱ्हाईक तयार करतो.

मग खरी काटकसर कोणती? पहिली, पहिल्या तासाची. जन्म झाल्यावर तासाच्या आत बाळाला अंगाला लावावे. पहिले पिवळसर घट्ट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते अशुद्ध समजून पिळून टाकण्याची व बाळाला मध चाटविण्याची जुनी चाल आपल्याकडे होती. ती सर्वथा सोडावी. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लसच होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, देशात शंभरांतील सुमारे ८९ जन्म रुग्णालयांत होतात, तरी पहिल्या तासात आईचे दूध मिळते ते शंभरांतील सुमारे ४२ बालकांनाच. या कामाला पैसा लागत नाही. माहिती आणि आग्रह लागतो.

दुसरी काटकसर आईच्या ताटाची. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे सहाशे कॅलरींचे अन्न अधिक लागते. नाचणीच्या दोन भाकऱ्या, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर डाळ एवढ्यात ते जवळजवळ भागते. जोडीला मासळीची आमटी व हिरवी भाजी असावी. आपल्या घरांतील पेज, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांमागे वडीलधाऱ्यांचा हाच विचार होता. बाळाच्या डब्याला दिवसाला सुमारे १४५ रुपये मोजणारे घर बाळंतिणीच्या ताटात भाकरी वाढताना हात आखडते, याला काय म्हणावे? अंगणवाडीतून स्तनदा मातांना पूरक आहार मिळतो, तोही संकोच न करता घ्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महाग आहे, आणि ती बाजारात मिळत नाही. ती म्हणजे आईचा वेळ. "आईचे दूध फुकट असते" असे आपण सहज म्हणतो. पण पाजणाऱ्या आईचे दिवसाचे कित्येक तास त्यात जातात, हे विसरतो. जन्मापासून सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीही नको, असे शास्त्र सांगते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच मुदत ठेवली आहे. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. कायद्याचे गणित शास्त्राशी बरोबर जुळते. पण ते ज्यांना लागू पडते अशा स्त्रिया थोड्या. शेतात, काजूच्या बागेत, दुसऱ्यांच्या घरी, दुकानात राबणारीला कसली रजा? मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाला आणि आपल्या पेडणे तालुक्यातील मुलींसाठी नोकरीच्या नव्या वाटा उघडल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. पण कामावर जाणाऱ्या आईला वीस मिनिटांची सवड आणि आडोशाची एक खोली मिळाली नाही, तर तिच्या पगारातला मोठा हिस्सा त्या डब्यातच जाईल.

माझ्या घरी पुढे काय झाले तेही सांगते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाचवा चमचा तत्काळ परत आला, आणि मुलीला रोज सात-आठ वेळा पुन्हा अंगाला लावू लागले. आठ-दहा दिवस काही दिसेना. नंतर हळूहळू दूध परत येऊ लागले. विद्यालयाच्या मुख्याध्यापकांना धीर करून सारे सांगितले, तेव्हा त्यांनी ग्रंथालयामागची सामानाची खोली रिकामी करून दिली. मधल्या सुट्टीत सासूबाई छत्री घेऊन, मुलीला पदराखाली धरून येत. जुन्या नकाशांच्या आणि मोडक्या बाकांच्या सान्निध्यात मी तिला पाजीत असे. आठवड्याला दोन डबे लागत होते, ते दोन महिन्यांत आठवड्याला अर्ध्यावर आले. त्या खोलीवर शाळेचा एक पैसाही खर्च झाला नाही.

एखाद्या आईला स्वतःचे दूध नसेलच, तर समाजाने आपल्यातलेच दूध द्यावे ही कल्पनाही आपल्याला नवी नाही. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक होती, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले, हे महाराष्ट्रात घरोघर सांगितले जाते. त्याच भावनेचे आधुनिक रूप मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात पाहावयास मिळते. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने तेथे १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. ज्या मातांना अधिक दूध येते त्या ते स्वेच्छेने देतात, ते ६२.५ अंश उष्णतेवर तीस मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते आणि कमी दिवसांच्या, अशक्त बालकांना पाजले जाते. हजारो अनोळखी धाराऊ तेथे आपले नाव न सांगता दूध देऊन जातात.

आता काही व्यवहाराच्या सूचना. आई कामावर जाताना स्वच्छ हातांनी स्वच्छ वाटीत दूध काढून झाकून ठेवू शकते. ते साध्या हवेत चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि शीतकपाटात दिवसभर टिकते. ते बाटलीने न पाजता वाटी-चमच्याने पाजावे. डॉक्टरांनी डबाच सांगितला असेल तर त्याच डब्यातील चमचा वापरावा, तो सपाट करून भरावा आणि प्रमाण तंतोतंत पाळावे. पाणी उकळून, ते फार निवण्यापूर्वीच, म्हणजे सत्तर अंशांच्या खाली जाण्याआधी, भुकटी त्यात मिसळावी. मग दूध कोमट करून पाजावे. दोन तासांहून अधिक वेळ राहिलेले दूध टाकून द्यावे. आणि पैसे अपुरे पडत असतील तर चमचा कमी करू नये, तोंड उघडावे. डॉक्टरांना सांगावे, परिचारिकेला सांगावे, शेजारणीला सांगावे. उसने मागणे ही नामुष्की नव्हे. बाळाच्या वाटीत पाणी वाढविणे हे त्याहून फार वाईट.

मुलांनो, यात तुमच्याकडे काय काम? पुष्कळ आहे. बहीण किंवा वहिनी पाजीत बसली असेल तेव्हा तिच्या वाट्याची भांडी घासणे, विहिरीचे पाणी आणणे, थोरल्या मुलाला खेळविणे हे मुलग्यांनाही जमते. ते केलेत तर तुम्ही घराचा एक डबा वाचविलात असे समजा. उद्या तुमच्यापैकी कोणी दुकान काढील, कोणी हॉटेल चालवील, कोणी कचेरीत अधिकारी होईल. तेव्हा आपल्याकडे काम करणाऱ्या आईसाठी आडोशाची एक खोली राखून ठेवा.

त्या डब्यात लावलेली सदाफुली आता चांगली फोफावली आहे. वर्गात रोपांना पाणी घालण्याची पाळी ठरलेली आहे, आणि ज्याची पाळी असते तो कधी चुकत नाही. परवा एका विद्यार्थ्याने घाईत सगळ्या रोपांना अर्धे अर्धे पाणी घातले, तेव्हा डबा आणणारी विद्यार्थिनी त्याला म्हणाली, "सगळ्यांना थोडे थोडे दिलेस, पण पुरेसे कोणालाच मिळाले नाही." मी मागे उभी होते. माझी मुलगी आता शाळेत जाऊ लागली आहे आणि तिचे वजन उत्तम आहे. तरीही ते शब्द ऐकून मला तो पाचवा चमचा आठवला.